एक अंगण, दोन चुली

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. ज्याने ती प्रथम उच्चारली, त्याने घर केवळ स्वतःच्या कुटुंबासाठी बांधले असावे. दोन कुटुंबांनी मिळून एक घर बांधावयाचे ठरविले, की म्हणीतील दोन्ही अनुभव एकाच वेळी पदरी पडतात. देणीघेणी ठरवावी लागतात, मानपान सांभाळावे लागतात आणि एकदा शब्द गेला की माघार घेणे अवघड होते. हा अनुभव आम्ही नुकताच घेतला. अशाच विचारात असलेल्या वाचकांना त्याचा काही उपयोग व्हावा, म्हणून तो येथे मांडत आहे.

आम्ही मूळचे बेळगावचे. नोकरीच्या निमित्ताने बंगळुरूला आलो आणि मल्लेश्वरममध्ये स्थिरावलो. शेजारचे कुटुंब कारवारचे. घरात कोकणी बोलणारे आणि मराठी दिवाळी अंक आवर्जून वाचणारे. आमचे स्वयंपाकघर शुद्ध शाकाहारी, तर त्यांच्याकडे मासळीवाचून रविवार साजरा होत नाही. तरीही वीस वर्षे दोन दारांमधून भाजी-आमटीच्या वाट्यांची ये-जा अखंड चालू राहिली. मुले एकत्र वाढली. आजारपणात रात्री-अपरात्री एकमेकांचे दार ठोठावताना कधी संकोच वाटला नाही.

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या बंगळुरूची हवा सुखद खरी, परंतु समुद्र फार दूर. मित्राचे बालपण कारवारच्या वाळूत गेलेले. काळी नदी, पलीकडचा सदाशिवगड आणि सुरूची बने यांच्या गोष्टी तो रंगून सांगे. रवींद्रनाथ ठाकूरांचे ज्येष्ठ बंधू सत्येंद्रनाथ कारवारला जिल्हा न्यायाधीश होते. १८८३ साली रवींद्रनाथ त्यांच्याकडे येऊन राहिले आणि 'प्रकृतिर प्रतिशोध' हे नाटक त्यांनी तेथे लिहिले, हे तो दर वेळी नव्या उत्साहाने ऐकवी. अशाच एका संध्याकाळी कल्पना निघाली, की निवृत्तीपूर्वी कारवारजवळ दोघांनी मिळून सुटीचे घर बांधावे.

हिशेब सरळ होता. वर्षाच्या बावन्न आठवड्यांपैकी एखादे कुटुंब फार तर सहा-सात आठवडे अशा घरात राहते. उरलेला काळ घर कुलपात असते, आणि समुद्रकाठी बंद घर जितके लवकर खराब होते तितके नांदते घर होत नाही. दोघांनी मिळून बांधले, तर खर्च निम्मा आणि वापर दुप्पट. कागदावर यात कोठेही चूक नव्हती.

पहिला आराखडा

मित्राने चौकटीच्या कागदावर पहिला आराखडा काढला. मध्ये प्रशस्त दिवाणखाना, एक मोठे स्वयंपाकघर आणि चार कोपऱ्यांत चार शयनगृहे. जागेची बचत, भिंतींची बचत, पैशाची बचत. आम्ही तो घेऊन बंगळुरूतीलच एका तरुण वास्तुरचनाकार बाईंकडे गेलो. त्यांनी आराखडा शांतपणे पाहिला आणि विचारले, "आपण दोन्ही कुटुंबे सलग आठ दिवस एका छपराखाली राहिला आहात का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. वीस वर्षांचा घरोबा होता, परंतु मध्ये सतत एक भिंत होती. "मग आधी राहून या, आराखडा नंतर पाहू," असे सांगून बाईंनी आम्हांला परत पाठविले.

नाताळच्या सुटीत आम्ही कारवारजवळ एक घर आठ दिवसांसाठी भाड्याने घेतले. पहिले दोन दिवस आनंदात गेले. तिसऱ्या दिवसापासून बारीकसारीक गोष्टी बोचू लागल्या. मित्र पहाटे पाचला उठून आकाशवाणी लावी, तर माझी मुले रात्री दोनपर्यंत जागत. माझ्या आईला मासळीचा वास सहन होईना, आणि तिच्यासाठी वहिनींनी मासळी करणे थांबविले, याचे आम्हांला अधिकच ओझे वाटू लागले. न्हाणीघराबाहेर रांग लागे. ओले पंचे कोणाचे, भांडी कोणी घासावयाची, नारळाचे पैसे कोणी दिले, हे प्रश्न कोणी विचारले नाहीत. पण ते सर्वांच्या मनात होते. पाचव्या दिवशी सकाळी न्याहारीला बसलो, तेव्हा कोणी कोणाशी बोलत नव्हते. भांडण झाले असते तर बरे, असे वाटावे अशी ती शांतता होती.

परतीच्या प्रवासात वहिनी मला म्हणाल्या, "भावोजी, घर नाही झाले तरी चालेल, पण शेजार जायला नको."

खर्चाचा हिशेब आम्ही पैपैचा मांडला होता. वहिनींनी ज्याचे नाव घेतले, ती वस्तू मात्र त्या हिशेबात कोठेच धरलेली नव्हती. घर बांधणे रद्द करण्याच्या निर्णयापर्यंत आम्ही आलो होतो. बाईंना तसे सांगावयास गेलो, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "आता खरा आराखडा काढता येईल."

तीन घरांची शिकवण

त्या दिवशी बोलता बोलता मला आमच्या आजोळच्या घराची आठवण झाली. किनाऱ्यावरील कित्येक जुन्या घरांप्रमाणे तेथेही दोन भावांच्या वाटण्या झाल्या होत्या. माजघरात भिंत उभी राहिली, चुली वेगळ्या झाल्या. मात्र अंगण, विहीर, तुळशीवृंदावन आणि पुढची पडवी या गोष्टी कोणी वाटून घेतल्या नाहीत. संध्याकाळी दोन्ही बिऱ्हाडे त्याच पडवीत बसत. लहानपणी मला ती भिंत दुःखाची खूण वाटे. त्या भिंतीमुळेच पडवी टिकली असावी, हा विचार मनात प्रथमच आला.

बाईंनी कपाटातून एक पुस्तक काढून दुसरे घर दाखविले. ते अमेरिकेत, लॉस एंजेलिसजवळच्या वेस्ट हॉलिवुडमध्ये आहे. रुडॉल्फ शिंडलर या ऑस्ट्रियात जन्मलेल्या वास्तुरचनाकाराने १९२२ साली ते स्वतःसाठी आणि चेस या स्नेही दांपत्यासाठी बांधले. दोघींची, पोलिन शिंडलर आणि मॅरियन चेस यांची, मैत्री महाविद्यालयापासूनची. या घरात रूढ अर्थाने दिवाणखाना नाही. चार प्रौढांपैकी प्रत्येकाला स्वतंत्र खोली, प्रत्येक दांपत्याला स्वतंत्र प्रवेश आणि स्वतंत्र बाग, झोपण्यासाठी गच्चीवर उघडे मंडप. स्वयंपाकघर मात्र दोघांत एक, आणि स्वयंपाकाची जबाबदारी आळीपाळीने. चेस दांपत्य १९२४ मध्ये तेथून गेले. पुढे शिंडलर पतिपत्नीही विभक्त झाली. तरीही अखेरच्या वर्षांत ती त्याच घराच्या वेगवेगळ्या भागांत राहत होती. माणसांतील स्नेह आटला तरी घर त्यांना सामावून घेत राहिले, कारण स्वतंत्रपणाची सोय पहिल्या रेषेपासून केलेली होती. "यात मी एकच बदल करीन," बाई म्हणाल्या, "स्वयंपाकघरेही दोन करीन."

तिसरे घर आपल्याच किनाऱ्यावरचे. रायगड जिल्ह्यातील नांदगाव येथे नारळीच्या वाडीत 'पामायरा हाउस' नावाचे घर आहे. बिजॉय जैन यांच्या 'स्टुडिओ मुंबई'ने ते २००७ साली पूर्ण केले, आणि २०१० च्या आगाखान वास्तुकला पुरस्कारासाठीच्या अंतिम यादीत त्याचा समावेश झाला होता. तेथे एकच मोठी इमारत न बांधता दोन लांबट, दुमजली लाकडी वास्तू समोरासमोर उभ्या केल्या आहेत, आणि मध्ये मोकळे अंगण व पाणी आहे. भिंतींच्या जागी ताडाच्या लाकडाच्या तिरप्या पट्ट्या आहेत, ज्यांतून वारा आत येतो आणि ऊन बाहेर राहते. हे घर दोन कुटुंबांचे म्हणून बांधलेले नाही आणि त्याचा खर्चही आमच्यासारख्यांच्या आवाक्यातला नव्हे. तथापि दोन वास्तू आणि मधले अंगण ही त्याची मांडणी आम्हांला हवी तीच होती.

दुसरा आराखडा

आमची जमीन किनाऱ्यावरील बहुतेक जमिनींप्रमाणे समुद्राच्या दिशेने लांबट आहे. तिच्यावर पूर्व-पश्चिम अशी दोन सोपी घरे समांतर आखली. प्रत्येकात दोन खोल्या, एक लहान स्वयंपाकघर, दोन न्हाणीघरे आणि स्वतःचे मागील दार. दोहोंमध्ये अंगण आणि अंगणात विहीर. पश्चिमेच्या टोकाला दोन्ही घरांना जोडणारी एक लांब पडवी, जिला कारवारकडे 'जगली' म्हणतात. तेथे बाराजणांना पुरेल असे मेज आणि एक झोपाळा. एकत्र जेवावयाचे तर पडवीत, आणि नको असेल त्या दिवशी आपापल्या चुलीपाशी. ज्या दिवशी कोणी पडवीत आले नाही, त्या दिवशी का आले नाही असे विचारावयाचे नाही, हा नियम वहिनींनी घातला.

भिंती वाढल्या, न्हाणीघरे वाढली, त्यामुळे खर्चही पहिल्या अंदाजापेक्षा वाढला. परंतु ही वाढ आम्ही शेजार टिकविण्याचा विमा म्हणून स्वीकारली.

एक पेच उरला. नैर्ऋत्य मोसमी पावसाचा मारा दक्षिणेकडील घराला अधिक बसणार, मग ते कोणी घ्यावयाचे? आम्ही चिठ्ठी टाकली. दक्षिणेचे घर मित्राला आले. त्या बाजूचे छप्पर पुढे अधिक काढण्याचा खर्च दोघांनी वाटून घेतला, आणि पुढील सर्व डागडुजी घर कोणाचे हे न पाहता समान वाटावी असे ठरले.

समुद्राच्या अटी

बंगळुरूत वर्षाला हजार मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो. कारवारच्या किनाऱ्यावर तो सुमारे तीन हजारांच्या घरात जातो, आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पठारावर शोभणारी सपाट गच्ची तेथे गळतीला आमंत्रण देते. म्हणून उतरते कौलारू छप्पर घेतले. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढल्यापासून हे मंगलोरी कौल साऱ्या पश्चिम किनाऱ्याच्या अंगवळणी पडले आहे. कौल फुटले तर तेवढेच बदलता येते आणि गावातला कोणीही माणूस ते बदलू शकतो. मालक पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर राहत असताना ही गोष्ट लहान नाही.

भिंतींसाठी आम्हांला प्रथम बंगळुरूतील मातीच्या दाबीव विटांचा मोह झाला होता. भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली सुरू झालेल्या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या कार्यातून या विटांचा तेथे चांगला प्रसार झाला आहे. परंतु बाईंनी विचारले, "जांभा जेथे पायाखाली आहे, तेथे वीट घाट उतरून कशाला न्यावयाची?" जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हत्याराने सहज कापला जातो आणि हवेत राहून कठीण होतो. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश अभ्यासकाने १८०७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात याला 'लॅटेराइट' असे नाव दिले, ते लॅटिनमधील विटेच्या शब्दावरून. कन्नडमध्ये तो 'जंबिट्टिगे', आणि 'इट्टिगे' म्हणजे वीटच. जांभ्याचे चिरे सच्छिद्र असल्यामुळे पावसाच्या बाजूच्या भिंतींना चुन्याचा गिलावा दिला आणि जोते जमिनीपासून तीन फूट उचलून घेतले.

समुद्रकाठचा खरा शत्रू मात्र खारी हवा. हवेतील क्षार काँक्रीटमध्ये शिरून आतील सळ्यांना गंज चढवितात. गंजलेले लोखंड फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. काँक्रीटविषयीच्या भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीने किनारी हवेतील उघड्या काँक्रीटची गणना 'तीव्र' परिस्थितीत केली असून, त्यासाठी किमान एम ३० प्रतीचे काँक्रीट आणि सळ्यांवर ४५ मिलिमीटर आवरण सांगितले आहे. शहरात नेहमीच्या सौम्य परिस्थितीत हेच आवरण २० मिलिमीटर पुरते. हा फरक ठेकेदाराला प्रारंभीच लेखी द्यावा आणि काँक्रीट ओतण्यापूर्वी मोजपट्टीने तपासावा. आमच्याकडे एका तुळईच्या सळ्या साच्याला टेकलेल्या आढळल्या, आणि ते काम पुन्हा करवून घ्यावे लागले. दोन मालकांपैकी एक जण आळीपाळीने कामावर हजर होता, म्हणूनच हे लक्षात आले.

बंद घराला बुरशी आणि वाळवी यांपासून जपावे लागते. म्हणून कपाटांना मागे फळी न लावता जाळी बसविली, खिडक्यांच्या वर कायम उघडे राहणारे झरोके ठेवले, बिजागऱ्या आणि कड्या पितळी घेतल्या. पावसाळ्यापूर्वी पडवीला माडाच्या झावळ्यांचे झाप बांधण्याची जुनी रीतही पाळतो. गावातील एक जोडपे दर आठवड्याला घर उघडून केर काढते आणि चुलीवर पाणी तापविते. चूल पेटली की घराचा ओलसरपणा उतरतो, हे त्यांचे सांगणे आम्हांला पूर्ण पटले आहे.

कागदपत्रे आणि करार

जमीन घेण्यापूर्वीच किनारपट्टीचे नियम समजून घेणे आवश्यक आहे. पहिली किनारी नियमन अधिसूचना १९९१ ची, नंतरची २०११ ची आणि त्यानंतरची २०१९ ची. समुद्रालगत भरतीरेषेपासून ५०० मीटरांपर्यंतचा पट्टा यांच्या कक्षेत येतो. २०१९ च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण भागात लोकवस्ती दाट असेल तेथे पहिले ५० मीटर आणि विरळ असेल तेथे पहिले २०० मीटर बांधकामास वर्ज्य आहेत. विरळ वस्तीच्या भागात २०० मीटरांपुढील पट्ट्यातही घरे बांधण्याची मुभा मुख्यतः स्थानिकांच्या पारंपरिक हक्कांच्या चौकटीत आहे. खाडी आणि नदीकाठासाठी अंतरे वेगळी आहेत. आम्ही वाद टाळून ५०० मीटरांपलीकडची जमीन घेतली. घरातून समुद्र दिसत नाही. पावसाळी रात्री ऐकू मात्र येतो.

दुसरा प्रश्न शेतजमिनीचा. महाराष्ट्रात १९४८ च्या कूळकायद्यानुसार शेतकरी नसलेल्यास शेतजमीन घेण्यावर निर्बंध आहेत. कर्नाटकात असे निर्बंध घालणारी कलमे २०२० च्या दुरुस्तीने वगळण्यात आली. तरीही घर बांधण्यासाठी बिनशेती परवानगी लागतेच. महाराष्ट्रात ज्याला सातबारा म्हणतात, तो तेथे 'पहाणी' या नावाने मिळतो. तो आणि मागील व्यवहारांची कागदपत्रे विधिज्ञाकडून तपासून घ्यावीत.

तिसरा आणि सर्वांत नाजूक प्रश्न आपसांतील कराराचा. मित्रामित्रांत कागद कसला, असे आम्हांलाही वाटले होते. परंतु १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४५ नुसार, वेगळा करार नसेल तर सामाईक पैशातून घेतलेल्या मालमत्तेत ज्याचे जेवढे पैसे, तेवढा त्याचा हिस्सा धरला जातो. त्याच कायद्याचे कलम ४४ अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरात हिस्सा विकत घेणाऱ्या परक्याला सामाईक ताब्याचा हक्क देत नाही. मित्रांच्या घराला हे संरक्षण नाही. उद्या एकाच्या वारसाने आपला हिस्सा तिऱ्हाइताला विकला, तर दुसऱ्याने काय करावे? म्हणून आम्ही करारात पुढील गोष्टी स्पष्ट लिहिल्या: दोघांचा निम्मा हिस्सा, विक्री करावयाची झाल्यास दुसऱ्याला प्रथम खरेदीचा हक्क, किंमत ठरविण्याची पद्धत, दिवाळी आणि मे महिना यांची वर्षाआड पाळी, बाहेरच्यांना भाड्याने द्यावयाचे असल्यास दोघांची संमती. डागडुजीसाठी दोघांच्या सहीने चालणारे संयुक्त खाते उघडून त्यात दरमहा समान रक्कम भरतो. दोघांनी आपापली इच्छापत्रेही केली.

कर्जाचा विचार करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. गृहकर्जासाठी बँका साधारणतः जवळच्या नातेवाइकांनाच सहकर्जदार म्हणून स्वीकारतात. केवळ मैत्री त्यासाठी पुरत नाही. त्यामुळे आपला वाटा आपल्याच बचतीतून उभा राहू शकेल का, हे आधी पाहावे. आम्ही त्यासाठी बांधकाम दोन हंगामांत विभागले आणि २०२४ च्या मे महिन्यात ते पूर्ण केले.

दोन्ही बाजूंची कडी

आता वर्षातून तीन-चार वेळा रात्री बंगळुरूहून पंचगंगा एक्स्प्रेसने निघून सकाळी कारवारला उतरतो. कधी एकटे, कधी दोन्ही कुटुंबे. वहिनी निःशंक मनाने मासळी करतात आणि माझी आई आपल्या चुलीवरचे थालीपीठ त्यांच्या दारात पाठविते. मल्लेश्वरममधील वाट्यांची ये-जा येथेही चालू झाली आहे.

पडवीच्या मध्यावर बाईंनी एक दार ठेवले आहे. त्याला दोन्ही बाजूंनी कड्या आहेत, आणि दोघांनी आपापली कडी काढली तरच ते उघडते. पहिल्या मुक्कामात त्या दाराची आम्हांला थोडी लाज वाटली होती. गेल्या दिवाळीत तेथे दोन्ही घरे भरलेली होती. पहाटे अभ्यंगस्नान आटोपून मी आमच्या बाजूची कडी काढली, तेव्हा पलीकडची कडी आधीच काढलेली होती.